देठासकट हिशेब

वहिनीपुढचा प्रश्न साधा होता. सांगलीत राहत्या घरातून तिचा कांदा-लसूण चटणीचा धंदा चालतो. वर्षाला १,२०० किलोच्या आसपास माल जातो. निम्मा एका किराणा दुकानदाराकडे, उरलेला ओळखीपाळखीवर आणि प्रदर्शनांत. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानशी शेड भाड्याने मिळत होती. घ्यावी की नको?

सल्ला विचारायला आत्यापेक्षा जवळचं माणूस नव्हतं. आत्या राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाली. बचत गटांची आणि छोट्या धंद्यांची कर्जं हाच तिचा अर्धा जन्म. वहिनीला वाटलं होतं, बँकेतलं माणूस म्हणजे जपून राहा म्हणेल. झालं उलटंच. मी मध्ये बसून ऐकत होते आणि आई एका बाजूला लसूण सोलत होती.

आत्या : शेड घे. त्यात विचारायचं काय?

वहिनी : डिपॉझिट, डंक, मोटर, वजनकाटा, पाकिटं सील करायचं मशीन. सगळं धरून ८ लाख. आज मला महिन्याला ६ हजार सुटतात आत्या. त्यातून हप्ता फेडू की घर बघू?

आत्या : आज बाहेरच्या कांडपाला पैसे मोजतेस, ते वाचतील. डंक तुझा झाला की चार लोकांची मिरची कांडून वर मिळतील. आणि ८ लाख सगळे तुझ्या अंगावर नाहीत. अन्नप्रक्रियेच्या योजनेत ३५ टक्के अनुदान आहे.

वहिनी : ते हातात कधी येतं?

आत्या : हातात येत नाही. बँकेत तुझ्या नावाने वेगळं ठेवतात. ३ वर्षं कर्ज नीट चाललं तर ते कर्जात वळतं होतं.

वहिनी : म्हणजे आधी ३ वर्षं मी पळून दाखवायचं.

आत्या : हो, पण तारण नाही मागणार. छोट्या उद्योगाला एवढ्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

वहिनी : मी गेले होते बँकेत. साहेबांनी तारण नाही मागितलं. त्यांनी विचारलं, मिस्टर काय करतात?

आत्या गप्प झाली. टेबलाच्या पलीकडे बसून हाच प्रश्न तिनेही अनेकींना विचारला असणार. तिने तो पदरात घेतला नाही, बाजूलाही टाकला नाही. सरळ मूळ मुद्द्यावर आली.

आत्या : तुला खरं काय अडवतंय? हप्ता की भीती?

वहिनी : मला मोठं व्हायचंच नाही. आज मी पोरीला शाळेतून आणते, तिला गरम भात वाढते, दुपारी तासभर पाठ टेकते. चटणी त्याच्या आजूबाजूला बसते. शेड घेतली की मी चटणीच्या आजूबाजूला बसणार. लहान धंदा असणं हा काही रोग नाही, बरा करायला.

हे वाक्य मला आवडलं. बायकांच्या धंद्याबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात वाढ ही गृहीतच धरलेली असते. मेळाव्यात भाषण करणारा प्रत्येक जण समोरच्या पापडवालीला उद्याची कारखानदार म्हणून हाक मारतो. कमानी ट्यूब्जसारखी बुडालेली कंपनी उभी करणाऱ्या कल्पना सरोज यांचं नाव घेतलं जातं, नायकाच्या फाल्गुनी नायर यांचं घेतलं जातं. खालच्या खुर्च्यांवर बसलेल्या बायका टाळ्या वाजवतात आणि मनात गॅस बंद केला होता का ते आठवत असतात.

पण आत्या भाषणवाली नाही. ती आकड्यावर आली.

आत्या : रोग नाही, मान्य. पण लहान राहणं तू निवडलंस, की आपोआप घडलं? सहावी आर्थिक गणना झाली २०१३-१४ साली. देशात बायकांच्या मालकीच्या धंद्यांची संख्या ८० लाखांच्या वर भरली. त्या सगळ्यांत मिळून काम करणारी माणसं किती? १ कोटी ३४ लाख. भागून बघ. मालकीण धरून एका धंद्यात दोन माणसंही बसत नाहीत. इतक्या सगळ्या जणींनी दुपारी पाठ टेकता यावी म्हणून लहान राहायचं ठरवलं, असं मला नाही वाटत. दुसरं माणूस ठेवणं परवडतच नाही, म्हणून ते राहतात तिथेच.

वहिनी : किंवा दुसरं माणूस घरातच असतं आणि ते कुणी मोजत नाही.

आत्या : थांब. ते मोजू आपण. आधी तुझं म्हणणं पुरं कर.

वहिनी : माझं म्हणणं एवढंच की वाढायचं असेल तर एकटीने कशाला वाढायचं? लिज्जत बघा. १९५९ साली गिरगावात लोहाणा निवासच्या गच्चीवर ७ बायका बसल्या. छगनबाप्पा पारेखांकडून ८० रुपये उसने घेतले. पहिल्या दिवशी ४ पाकिटं पापड. आज ४५ हजारांच्या घरात बहिणी आहेत. कुणी शेठ नाही, कुणी शेठाणी नाही. प्रत्येक जण मालकीण. त्यांनी काय गहाण ठेवलं? शेड घेतली का त्यांनी?

आत्या : पहिला पावसाळा आला तेव्हा काय झालं ते वाचलंयस?

वहिनी : पापड वाळेनात. ४ महिने काम बंद.

आत्या : पुढच्या पावसाळ्यात एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. तीच त्यांची शेड. भांडवल सगळ्यांनाच लागतं गं, कुणाचं ८ लाखांचं, कुणाचं खाटेएवढं. पण लिज्जतचं नाव काढलंसच तर मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बहीण सकाळी शाखेत जाते, काल लाटलेले पापड वजन करून देते, लाटणावळ घेते, आज लाटायचं पीठ घेऊन घरी जाते. म्हणजे लाटण्याच्या कष्टाला किलोमागे दर आहे. नफा नंतर येतो आणि तो सगळ्यांत वाटला जातो. मजुरी आधी, नफा मग. छगनबाप्पांनी त्यांना पहिल्यापासून दोनच गोष्टींचा धाक घातला होता, प्रत आणि हिशेब. पहिल्या वर्षी विक्री किती, तर ६,१९६ रुपये. इतक्याशा विक्रीचा आकडा आज आपल्याला रुपयापर्यंत माहीत आहे, तो का? कुणीतरी लिहून ठेवला म्हणून. तुझ्या चटणीची मजुरी काय आहे?

वहिनी : माझीच चटणी, मलाच मजुरी?

इथे वादाने वळण घेतलं, पण लगेच नाही. वहिनी सहजासहजी हिशेबाकडे जाणारी नव्हती. तिच्याकडे आणखी एक अस्त्र होतं आणि ते खरंच धारदार होतं.

वहिनी : आत्या, धंदा लहान असतो तोवर तो बाईचा असतो. मोठा झाला की घरातल्या पुरुषाच्या डोळ्यांत भरतो. आमच्या मागच्या गल्लीत एकीने शेवया-कुरडयांचं सुरू केलं. चांगलं चाललं. मशीन आलं तेव्हा नवरा आला. पहिल्यांदा नुसता माल पोचवायला. मग उधारी वसूल करायला. मग म्हणाला, बँकेचं तू नको बघू. आता दुकानाच्या पाटीवर तिचं नाव, आत गल्ल्यावर तो. ती मागे शेवया वाळत घालते. आधी ती मालकीण होती, आता कामगार झाली. याला वाढ म्हणायचं का?

आत्या : नाही. आणि ते माझ्या टेबलावरूनही झालंय. मुद्राचं कर्ज बाईच्या नावाने, फॉर्म भरलेला नवऱ्याने, पैसे काढायला दोघं आली की बाई मला विचारायची, सही कुठं करू? मुद्राच्या कर्जखात्यांत निम्म्याहून कितीतरी जास्त खाती बायकांची आहेत, हे सरकार अभिमानाने सांगतं आणि ते खोटं नाही. त्यातल्या धंद्यांपैकी किती बायकांच्या हातात आहेत हे मात्र खात्याच्या नावावरून कळत नाही.

वहिनी : मग तुम्हीच माझी बाजू घेताय.

आत्या : मी म्हणते, नवरा येतो कुठल्या फटीतून ते बघ. त्याला मशीन चालवता येतं म्हणून येतो का? नाही. उधारी आणि हिशेब या दोन गोष्टी बाईने सोडलेल्या असतात, तिथून येतो. दुकानदाराशी भांडणं नको वाटतं, वही लिहिणं राहून जातं. तेवढी जागा पुरते. पूर्वी शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, गावोगाव शेतकऱ्यांकडून बायकांच्या नावे जमिनी करून घेतल्या. मोठं काम. पण सातबाऱ्यावर नाव चढलं आणि बाजारात माल घेऊन तोच गेला, तर पट्टी त्याच्याच खिशात जाते. नाव पाहिजेच. त्याच्याबरोबर वहीही पाहिजे.

(दादाबद्दल इथे एक शब्द. तो त्या वेळी घरात नव्हता, आणि तो तसा नवरा नाहीही. पण दुकानदाराचे पैसे आणायला तोच जातो, हे मला तेव्हा आठवलं आणि वहिनीलाही आठवलं असावं, कारण तिने विषय बदलला.)

वहिनी : तुम्ही मुंबईत होता तेव्हा खाणावळवाल्या बायकांना कर्जं दिली होतीत ना?

आत्या : मी तेव्हा नवी होते, साहेब लोक द्यायचे. मी कागद करायचे. गिरणगावातल्या बायका. एकेक जण आपल्या खोलीत गिरणी कामगारांना जेवू घालायची. कामगार पगाराला पैसे देणार, वाण्याला मात्र आज पाहिजेत. म्हणून वाणी म्हणेल त्या भावाने, म्हणेल त्या व्याजाने. दागिने सावकाराकडे. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांची जूट बांधली आणि त्यांना बँकेच्या दारापर्यंत आणलं. एकमेकींची हमी. त्या बायका बुडवत नसत. त्यांना अक्कल शिकवायची गरजच नव्हती, महिनाभर अडकून पडणारा पैसा हवा होता. तुझंही तेच आहे. वर्षाची मिरची तू कधी घेतेस?

वहिनी : फेब्रुवारी ते एप्रिल. रंगाला ब्याडगी, तिखटाला गुंटूर, चवीला थोडी संकेश्वरी. तेव्हा नाही घेतली तर पावसाळ्यात भाव विचारू नका, आणि दमट लागते ती वेगळीच.

आत्या : पैसे?

वहिनी : गेल्या वर्षी पाटल्या ठेवल्या.

आत्या : आणि माल वर्षभर विकतेस. म्हणजे तुझं भांडवल मार्चमध्ये अडकतं ते पुढच्या जानेवारीपर्यंत सुटत राहतं. याला मुदत कर्ज नाही लागत, कॅश क्रेडिट लागतं. मार्चमध्ये उचल, माल विकेल तसं भर. जितके वापरलेस तितक्याचंच व्याज.

वहिनी : मग शेडचं काय?

आत्या : शेडचं नंतर. गिरणगावातली एक गोष्ट राहिली ती सांगते. १९८२ साली संप झाला. खाणावळीत जेवणारा माणूस गावाला गेला. अन्नपूर्णाने बायकांना ऑफिसांचे डबे, समारंभांचं जेवण अशा कामांकडे वळवलं, पण ज्यांचं सगळं गिऱ्हाईक एका गिरणीच्या गेटातून यायचं त्यांचे हाल कुत्रा खाईना. तुझा निम्मा माल एका दुकानात जातो.

वहिनी : तो उशिरा का होईना, पैसे देतो.

आत्या : किती उशिरा?

वहिनी : अडीच-तीन महिने.

आत्या : तुझी उद्यम नोंदणी आहे. ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला तो कायद्याने बांधलेला आहे. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही चक्रवाढ.

वहिनी : आत्या, मी त्याला कायदा दाखवला ना, तर दुसऱ्या दिवशी माझी पाकिटं सगळ्यात वरच्या फळीवर जातील. हात पुरणार नाही अशा.

यावर आत्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर कुणाकडेच नाही. छोट्या पुरवठादाराला संरक्षण देणारे कायदे चांगले आहेत, पण ते वापरायचे म्हणजे ज्याच्याशी रोज व्यवहार करायचा त्याच्यावर तक्रार करायची. वहिनीच्या मापाचा धंदा तक्रार जिंकून दुकान गमावतो.

मग आत्याने वही मागितली. वहिनीने आणली ती पोरीची जुनी वही, मागच्या पानापासून सुरू केलेली. मिरची, खोबरं, धणे, तीळ, खसखस, तेल, मीठ, कांडपाचे पैसे, पाकिटं, लेबलं. सगळं होतं. दुकानाला दर किलोला ४२०, खर्च ३६०, सुटतात ६०. आत्याने घट धरली आहे का ते विचारलं, धरली होती. ५० किलोच्या एका घाण्यामागे ३ हजार.

आत्या : आता तास सांग. २५ किलो मिरचीचे देठ काढायला?

वहिनी : १४ तास तरी. आई बसतात.

आत्या : कांदा सोलून चिरून?

वहिनी : ९. तो मी करते, आईंना डोळ्यांना सोसत नाही.

आत्या : लसूण?

वहिनी : ७. आई.

अशी यादी होत गेली. खोबरं आणि मसाले भाजणं ६, तळण ५, कांडपाला नेऊन आणणं ५, चाळून भरून लेबल लावणं ७, पोचवणं ४. बेरीज ५७. लेबलं पोरगी लावते, शाळेतून आल्यावर.

आत्या : ३ हजारांतून दादाचं पेट्रोल, प्रदर्शनाचं भाडं आणि चव बघायला म्हणून वाटतेस ती चटणी वजा कर. ५०० धर. २,५०० भागिले ५७. तासाला ४४ रुपये. भांगलायला बाई किती घेते?

वहिनी : ३०० आमच्याकडे. दहा ते पाच, मध्ये जेवायची सुट्टी.

आत्या : म्हणजे साधारण तेवढेच. आणि तिला मिरचीच्या भावाची काळजी नाही, दुकानदाराच्या उधारीची नाही, पाटल्या गहाण ठेवायच्या नाहीत. मग तुझा नफा कुठे आहे?

वहिनी काही वेळ वहीकडे बघत राहिली. मग उसळून म्हणाली, "भांगलायला गेले असते तर पोरीला कुणी आणलं असतं? घरात राहून ४४ मिळतात ते बाहेरच्या ४४ सारखे नाहीत."

आत्या : बरोबर. घरात राहता येतं याची किंमत तू स्वतःच्या खिशातून भरतेस. भरायची तर भर. पण भरतेस हे माहीत पाहिजे. तू मघाशी म्हणालीस मला मोठं व्हायचं नाही. मला वाटतं, तू लहान राहायचं ठरवलेलंच नाहीस. तुझा हिशेबच असा आहे की त्यात दुसरी बाई मावत नाही. तिला ३५० रोज द्यायला गेलीस तर तुझा सगळा नफा जातो, कारण तो नफा नव्हताच, ती तुमची तिघींची न दिलेली मजुरी होती.

मला या संपूर्ण बोलण्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे. वाढावं की लहान राहावं हा वाद आपण बायकांच्या धंद्याबद्दल मोठ्या हौसेने घालतो. पण जिथे करणारीचे हात फुकट धरलेले आहेत तिथे दोन्ही उत्तरं सारखीच पोकळ. फुकट हातांवर उभा राहिलेला दर बाजारात रुळला की मग तो बदलत नाही. शेजारची दुसरी चटणीवाली त्याच दराने विकते, कारण तिच्याही घरी एक सासू आहे. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात किंवा पुण्याच्या भीमथडी जत्रेत रांगेने मांडलेली पाकिटं बघा. मिरचीचा भाव ठिकाणाप्रमाणे बदलतो. हाताचा भाव सगळीकडे सारखाच, शून्य.

वहिनी : समजा, आईंचे तास धरले. वर्षाचे २४ घाणे, घाण्याला २१ तास. ५०० तास. तासाला ५० लावले तर २५ हजार. ते त्यांना द्यायचे?

आईने लसणाचं ताट खाली ठेवलं.

"मला नकोत," आई म्हणाली. "वन्सं, तुम्ही हिशेब करा, पण मला त्यात घेऊ नका. मजुरी घेतली की मी मजूर झाले. आत्ता मला कंटाळा आला की मी उठते. मग मला सुनेची रजा मागावी लागेल."

आत्या हसली, पण सोडलं नाही. "घ्यायची की नाही तुमची मर्जी. वहीत धरायची. उद्या तुमचे गुडघे बसले आणि देठ काढायला बाहेरची बाई लागली, तर हिच्या दरात तिची जागा असायला हवी."

"गुडघे बसलेलेच आहेत," आई म्हणाली आणि पुन्हा ताट ओढून घेतलं.

मला आईचं म्हणणं आत्याच्या आकड्यांपेक्षा कमी वजनाचं वाटत नाही. मजुरी घेतली की दर्जा वाढतो असं आपण सहज धरून चालतो. सत्तरीच्या बाईला तो उतरल्यासारखा वाटू शकतो. तिच्या लसणात सत्ता आहे. ती उठून गेली तर घाणा थांबतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

वहिनी : देठ काढलेली मिरची मिळते बाजारात. महाग पडते.

आत्या : तेही देठ कुणीतरी काढलेलेच असतात.

वहिनी : बायकांनीच. बाजारात बघितलंय मी. पोत्याशेजारी बसून, किलोवर. हात भाजतात त्यांचे. म्हणजे मी वाढले की आईंच्या जागी त्या येणार, आणि त्यांना मी किती देणार? स्वस्त मिळतात म्हणून स्वस्तच देणार. बाईने धंदा काढला म्हणजे बायकांचं भलं होतं, हे तुम्ही मला सांगू नका. हाताखाली बाई ठेवणारीलाही बाजाराच्याच दराने जावं लागतं.

आत्या : लागतं. म्हणून तर म्हटलं, आधी दर सुधार. दरात जागा असेल तर तुला चांगलं वागायची सोय होते. नसेल तर तू कितीही भली असलीस तरी तुला कुणाची तरी मजुरी मारावीच लागेल, तुझी नाही तर तिची.

वहिनी : आणि दर वाढवला की गिऱ्हाईक जाईल.

आत्या : थोडं जाईल. तुझी चटणी वाईट आहे का?

वहिनी : नाही.

आत्या : मग ४२० कुणी ठरवले?

वहिनी : त्यानेच. दुकानदाराने.

म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट आत्याने इथे सांगितली. म्हसवड आमच्या शेजारच्या साताऱ्यातलं, म्हणून तिला त्याचा अभिमानही आहे. चेतना सिन्हांनी गावातल्या बायकांची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. प्रवर्तकांमध्ये निरक्षर बायका होत्या, अंगठ्याचे ठसे होते. बायका लिहा-वाचायला शिकू लागल्या आणि परत गेल्या. तिथे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, आम्हाला व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करतो; तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये बँक सुरू झाली.

वहिनी : गोष्ट छान आहे आत्या. पण त्या बऱ्याच जणी होत्या. मी एकटी दुकानदारासमोर उभी राहणार.

आत्या : आकडा असला की उभं राहता येतं. तुझ्याकडे आता आकडा आहे. मघापर्यंत नव्हता. किलोला ४० वाढवून बघ. घाण्याला २ हजार जास्त. साडेचार हजार भागिले ५७, तासाला ७९. त्यात एक बाई ३५० ने बसते, आणि तुझ्यासाठी खरा नफा उरतो.

मग पुन्हा शेडवर घसरले दोघी. वहिनीने शेवटी सांगितलं की शेड या वर्षी नाही. कॅश क्रेडिट काढायचं, ३ लाखांचं, स्वतःच्या नावाने, आणि बँकेत एकटीने जायचं. पाटल्या सोडवायच्या. देठाला एक बाई ठेवायची, आठवड्यातून ३ दिवस. आईने फक्त लसूण बघायचा, तोही वाटेल तेव्हा. आत्याला हे पटलं नाही. तिच्या मते शेड अशी पुन्हा मिळत नाही, कुपवाडला भाडी वाढत चालली आहेत, आणि घरात ५० किलोच्या पुढचा घाणा होत नाही, त्यामुळे १,२०० चे १,५०० झाले तरी खूप. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वहिनीचंही नव्हतं, पोरगी दुसरीत आहे, आणखी ५ वर्षांनी ती स्वतःची स्वतः घरी येईल, शेडला ५ वर्षं थांबवता येतं, पोरीला नाही, असं ती म्हणाली. आत्या म्हणाली, ५ वर्षांनी दुसरं काहीतरी निघेल, आपल्याकडे बायकांना नेहमी काहीतरी निघतं. तो वाद तसाच राहिला.

आत्या : दुकानदाराला दर कोण सांगणार? दादा?

वहिनी : मी.

आत्या : कधी?

वहिनीने फोन उचलला. स्पीकरवर ठेव, असं आत्याने खुणेनं सांगितलं. दुकानदाराने नेहमीप्रमाणे आधी तब्येत विचारली. वहिनीने मार्चपासून ४६० चा दर सांगितला. पलीकडून काही क्षण नुसते दुकानातले आवाज आले, मग तो म्हणाला, "वहिनी, दर-बिर आपण साहेबांशी बोलू. आहेत का साहेब?"

"साहेब चटणी करत नाहीत," वहिनी म्हणाली. "माझ्याशीच बोला."

तो हसला. मिरची उतरली आहे म्हणाला, दुसऱ्या दोघी ४०० ला द्यायला तयार आहेत म्हणाला. वहिनीने त्यांची चटणी दोन महिन्यांत काळी पडते की नाही ते विचारलं. तो पुन्हा हसला, या वेळी जरा वेगळा. २० वाढवतो म्हणाला. मग ३०. शेवटी ४५५ वर तुटलं, आणि पैसे ६० दिवसांत.

फोन ठेवल्याबरोबर आत्याने गुणाकार केला. "वर्षाला ६०० किलो घेतो तो. ५ रुपये सोडलेस, म्हणजे ३ हजार."

"आणि ४५ दिवसही सोडले," वहिनी म्हणाली. "पुढच्या मार्चला मागते."